डोळे ‘आलेत’ का डोळा ‘धरलाय’? युव्हिआयटिसला आपण काय म्हणायचं

अशोकचौक: युव्हिआयटिसला, म्हणजे डोळ्याच्या आतल्या थराला सूज येते त्या दुखण्याला, बोलण्यातला मराठी शब्द हवाय, कारण सांगते. मार्चमध्ये माझ्या धाकट्या भावाचा उजवा डोळा लालभडक झाला, घरात सगळे म्हणाले डोळे आलेत, गॉगल लाव, टॉवेल वेगळा ठेव (२०२३ च्या पावसाळ्यातली साथ सगळ्यांच्या डोक्यात होतीच). मेडिकलमधनं ड्रॉप आणले, आठ दिवस घातले. चिपडं नव्हती, पापण्या चिकटत नव्हत्या, पण डोळा आतनं ठणकायचा आणि उजेड अजिबात सहन व्हायचा नाही, आपल्याकडचं मार्चचं ऊन तुम्हाला माहितीये, तो दिवसभर खिडक्या लावून बसायचा. शेवटी डोळ्याच्या डॉक्टरांनी मशीनवर बघितलं आणि विचारलं, सकाळी उठल्यावर पाठ आखडते का? तीन वर्षं आखडत होती! यंत्रमागावर उभं राहून होतंय म्हणून आम्ही सोडून दिलेलं. रक्तात एचएलए बी२७ (अशा दुखण्यांशी जोडलेली एक आनुवंशिक खूण) पॉझिटिव्ह, मग एमआरआय, आणि निघालं अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे पाठीच्या कण्याचा संधिवात. आता आईला हे कुठल्या शब्दात सांगू? डोळे आलेत म्हटलं की तिला वाटतं आठवड्यात जातील.

नानजकर: युव्हिआयटिसचा मूळ शब्द ऐकून आम्हा द्राक्ष बागायतदारांना बरं वाटेल. लॅटिनमध्ये ‘उवा’ म्हणजे द्राक्ष. डोळ्याचं पांढरं आवरण काढलं की आत जो काळपट थर दिसतो तो देठ खुडलेल्या काळ्या द्राक्षासारखा, देठाची जागा म्हणजे बाहुली. शरद सीडलेसचा एक मणी हातात घेऊन बघा, लगेच पटेल. या थरात रक्तवाहिन्या भरपूर, म्हणून अंगातल्या दुखण्याचे पडसाद तिथं उमटतात.

विजापूररोड: मी डोळ्यांच्या ओपीडीत काम करते. ‘नेत्रदाह’ लिहिलेलं वाचते मी, पण दाह म्हटलं की पेशंटला आग आग होणं कळतं, आणि आग तर डोळे कोरडे पडले तरी होते. ‘डोळ्याला सूज’ म्हणावं तर लोक पापणी दाबून बघतात, सूज कुठाय म्हणतात. आणि ‘बुबुळाला सूज’ तर नकोच, बुबुळ प्रत्यारोपण म्हणतो तेव्हा आपण वरचा काचेसारखा पडदा म्हणत असतो आणि घरी मात्र सगळ्या काळ्या भागाला बुबुळ म्हणतात. नावात घोळ झाला की औषधात होतो. लाल डोळा दिसला की स्वतःच्या मनानं स्टेरॉइडचा ड्रॉप आणणारे रोज बघते, युव्हिआयटिसला तो लागतोच, पण तपासून आणि सांगितल्याप्रमाणे कमी करत, नाहीतर डोळ्यातलं प्रेशर वाढून काचबिंदू होऊ शकतो. पाठीचं पण सांगते, कामानं दुखणारी पाठ विश्रांतीनं बरी वाटते, या आजारातली त्याच्या उलट, झोपून आखडते आणि हालचालीनं मोकळी होते.

अशोकचौक: अगदी असंच होतं त्याचं, दहा वाजेपर्यंत मोकळा व्हायचा! तुमचं दोघांचं आईला वाचून दाखवलं. आमच्या घरी निम्मं बोलणं तेलुगूत, पण ती मराठीतच म्हणाली, ‘म्हणजे पाठ धरली तसा डोळा धरलाय की.’ मला तर हाच शब्द आवडला. डोळे येतात ते बाहेरनं, दुसऱ्याकडनं, आणि धरतं ते आपल्याच अंगातलं, यात सगळं आलं. आता शेजारणींना तीच सांगते, येऊन बसा, लागत नाही.

विजापूररोड: छान आहे, मी पण वापरीन. फक्त एक, सांधे-पाठ काही न दुखताही डोळा धरू शकतो, टीबीत, सारकॉइडोसिसमध्ये (यात फुप्फुसांत आणि इतर अवयवांत सुजेच्या बारीक गाठी होतात), म्हणून छातीचा एक्सरे सांगितला तर ‘डोळ्याला एक्सरे कशाला’ म्हणून टाळू नका. आणि लहान मुलांच्या संधिवातात आतला डोळा बिघडत असतो तरी बाहेरनं पांढराशुभ्र, दुखत नाही, पोर तक्रारही करत नाही. तिथं कुणी ‘धरलाय’ म्हणणारच नाही, त्यामुळं गुडघा सुजलेल्या पोराला डोळ्याचं काही नसतानाही नियमित तपासायला आणावं लागतं.