परवाने वाटले म्हणजे तेल निघालं का?

खाडीकाठचा
परवा एका स्वयंघोषित अर्थतज्ज्ञांची पोस्ट फिरत फिरत आमच्या गटावर आली. थोडक्यात म्हणणं असं: देशाला लागणारं ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून येतं, म्हणून सरकारने तेल-वायू शोधाचे परवाने डोळे मिटून द्यावेत, आणि पालघरचे मच्छीमार सर्वेक्षणाला आडवे येतात ते निव्वळ भरपाईच्या पैशांसाठी. आकडा बरोबर आहे. बाकीचं वाचून गप्प बसवेना.

अहो, परवाने काय आज वाटायला लागलेत? १९९९ पासून नेल्पच्या, म्हणजे शोधाचे ब्लॉक (नेमून दिलेले पट्टे) लिलावात द्यायच्या जुन्या धोरणाच्या, फेऱ्या झाल्या. २०१६ ला हेल्प हे नवं धोरण आलं, मग कंपनीनेच ब्लॉक आखून मागायची सोय झाली. २०१८ च्या पहिल्या फेरीत ५५ ब्लॉक गेले, त्यातले ४१ एकट्या वेदांताला. आणि तेल? २०११-१२ ला ३.८ कोटी टन, २०२३-२४ ला ३ कोटींच्याही आत. इतक्या वर्षांत मच्छीमारांनी अडवलं म्हणून उत्पादन घटलं का?

उलट अडवायची जी काही सोय होती तीच काढून घेतलीय. जानेवारी २०२० च्या अधिसूचनेने शोधविहिरी पर्यावरण मंजुरीच्या हलक्या ‘ब-२’ गटात टाकल्या, जनसुनावणी गेली. त्याच वर्षी मे महिन्यात आसामात बागजानची विहीर फुटली, जूनमध्ये पेटली, विझायला नोव्हेंबर उजाडला. (ती उत्पादनातली विहीर होती हे ठाऊक आहे, कुणी शिकवायला येऊ नये.)

निवृत्त_रिगवाला
आलं बागजान! तेलाचा धागा आणि बागजान नाही, असं व्हायचंच नाही.

साहेब, उत्पादन घटलं कारण जुनी क्षेत्रं म्हातारी झाली. मुंबई हाय १९७४ ला सापडलं, १९७६ पासून उपसतोय. नवीन शोधलं नसतं तर हे ३ कोटीही दिसले नसते. मी उभी हयात समुद्रात काढली. कोरडी विहीर निघाली की मेसमध्ये कुणी कुणाशी बोलत नसे, सुतक असल्यासारखं. पण दुसऱ्या आठवड्यात रिग पुढच्या जागेवर. शोध असाच लागतो. तुमच्या शेगडीला पाइपचा गॅस येतो ना? तो काय खाडीतून येतो?

टाकी_फुल्ल
तेल इथे निघो नाहीतर तिकडे दक्षिण अमेरिकेत गयानात, जिथे मोठे साठे सापडलेत, पंपावर आपल्याला काय स्वस्त मिळणार आहे? भावातला मोठा वाटा कराचाच. कच्चं तेल पडलं तेव्हा कुणी दर उतरवले? त्यावर धागा काढा.

खाडीकाठचा
@रिगवाला, बंगालच्या उपसागरातलं केजी-डी६ हे गॅसचं क्षेत्र पण सांगा की. २००९ ला सुरू झालं तेव्हा देशाचा गॅसचा प्रश्न सुटलाच म्हणत होते. दोन-तीन वर्षांत उत्पादन गडगडलं. आता मंत्रीमहोदय अंदमानात गयाना शोधतायत. बाजारात तुरी!

सातपाटीचा_दालदीवाला
आमच्यावर लिहिलंय म्हणून लिहितो. जमिनीवरून बोलणं सोपं आहे.

सर्वेक्षणाचं जहाज मागे कितीतरी किलोमीटर केबली ओढत जातं. ते वळत नाही, थांबत नाही. आपण बाजूला व्हायचं. आणि हे कधी? पावसाळ्यात दर्या खवळलेला, तेव्हा त्यांना जमत नाही. म्हणजे आमच्या ऐन हंगामात. मागे एका जहाजाच्या गार्ड बोटीने आमची दालदी, म्हणजे मासे अडकवायची जाळी, कापून टाकली. जाळी टाकून बसलेलो, रात्रीची वेळ. तक्रार द्यायला गेलो तर विचारतात, जाळ्याची पावती आहे का? जाळं काय टीव्ही आहे पावती ठेवायला? वडिलांनी स्वतः विणलेला भाग होता त्यात. भरपाईचा अर्ज कुठल्या टेबलावर आहे ते आजपर्यंत कळलं नाही. आणि आम्ही पैशासाठी आडवे येतो!

अलिबागची_लेक
दादा, जाळ्याचं वाईट वाटलं, खरंच. पण मासळी संपली ती काय सर्वेक्षणाने? एलईडी दिव्यांनी मासे ओढणाऱ्यांनी आणि पर्ससीनने, म्हणजे अख्खा थवा घेरणाऱ्या जाळ्यांनी संपवली. राज्याने फेब्रुवारी २०१६ ला पर्ससीनवर निर्बंध घातले, केंद्राने २०१७ ला एलईडीवर बंदी आणली. रात्री किनाऱ्यावर उभं राहून बघा, समुद्रात दिवाळी असते. आधी आपल्यातले चोर पकडा.

मिरकरवाडा_एक्सप्रेस
झालं, पर्ससीनला शिव्या! आमच्या नौकांवर कर्जं आहेत, खलाशांची पोटं आहेत. एलईडीवाले वेगळे, आम्ही वेगळे, हे किती वेळा सांगायचं? आणि डोल जाळीवाले काय धुतल्या तांदळाचे? बोटभर पापलेट कोण विकतं बाजारात?

सातपाटीचा_दालदीवाला
बोटभर पापलेट दालदीत अडकत नाही भाऊ, आस म्हणजे जाळ्याचं भोक मोठं असतं. माहीत नसेल तर बोलू नये.

मिरकरवाडा_एक्सप्रेस
मी डोल म्हणालो. वाचता येतं ना?

अलिबागची_लेक
२०२३ ला पापलेटला राज्यमासा केलं, आणि ताटात त्याची पिल्लं. दोघंही त्यात आहात. माझ्या सासरी मचवा होता, विकला. तेव्हा कुठलंही सर्वेक्षण चालू नव्हतं.

खाडीकाठचा
धागा परवान्यांचा आहे हो!! मासळीचं भांडण बंदरावर करा.

निवृत्त_रिगवाला
चालू द्या, छान चाललंय. आणखी एक पुडी सोडतो: प्लॅटफॉर्मभोवती ५०० मीटर नौकांना बंदी असते, म्हणून तिथे मासळी सुखाने राहते. आम्ही वरून बघायचो, पाण्यात नुसती चांदी. तरी बोटी घुसायच्याच. भोंगा वाजवून वाजवून घसा… म्हणजे भोंगाच बसायचा.

सातपाटीचा_दालदीवाला
मासळी तिथे लपली याचा आनंद तुम्हाला. आम्ही तिथे जायचं नाही, केबलीखाली थांबायचं नाही, मग जायचं कुठे? तुमचं पेन्शन दर महिन्याला येतं ना?

निवृत्त_रिगवाला
पेन्शनवर आलात म्हणजे मुद्दे संपले. येतं, आणि कमावलेलं आहे. वादळात हेलिकॉप्टर येत नाही तेव्हा वर काय होतं ते बघायला तुम्ही नव्हता. २००५ ला मुंबई हाय नॉर्थ जळालं, २२ माणसं गेली. जुलै होता, तुमच्या बोटी तेव्हा बंदरात होत्या.

टाकी_फुल्ल
कराचं कुणीच बोलत नाहीये.

निवृत्त_रिगवाला
बरं. सर्वेक्षणाच्या तारखा हंगामाआधी मच्छीमार सोसायट्यांना कळवाव्यात, भरपाईचा दर जहाज निघायच्या आधी ठरावा, आणि पावती मागू नये. एवढं मान्य. लिहून घ्या, पुन्हा म्हणणार नाही. पण परवाने द्यायलाच हवेत.

खाडीकाठचा
फोटो काढून ठेवला. आता तेलक्षेत्र कायद्याच्या २०२५ च्या दुरुस्तीचं बोला. नियम मोडल्याची कैद काढली, दंड २५ लाखांपर्यंत. तेल कंपनीला २५ लाख म्हणजे किती?

निवृत्त_रिगवाला
आधी हजार रुपये होता, ते नाही सांगितलंत! १९४८ पासून तोच. त्याचा वेगळा धागा काढा, तिथे भेटू.