कोलसाई आणि काइंडी एकाच दिवसात: जावे की न जावे? (आज संध्याकाळपर्यंत उत्तर हवे आहे)

मंजिरी_क, सकाळी ९:४०
आम्ही चौघे कझाकस्तानात अल्माटीला जाणार आहोत. तेथून कोलसाई सरोवर, काइंडी सरोवर आणि चारीन दरी अशी मार्गदर्शकासह एका दिवसाची सहल एका आयोजकाकडे ठरवली असून, पहाटे पाचला हॉटेलवरून नेऊन रात्री दहा-अकरापर्यंत परत आणून सोडतील, असे त्यांनी कळवले आहे. उरलेली रक्कम आज संध्याकाळी सातपर्यंत भरायची आहे आणि भरल्यानंतर ती परत मिळणार नाही. ज्यांनी ही सहल केली आहे त्यांनी कृपया एवढेच सांगावे, की पैसे आणि दिवस सार्थकी लागतात का. स्वतः गाडी चालवत जा, असा सल्ला नको. तो विचार करून सोडून दिलेला आहे.

गोरखचिंच, सकाळी १०:०५
आम्ही जूनमध्ये हीच सहल केली होती. सरोवरांजवळच्या साती गावापर्यंतचे अंतर एका बाजूने तीनशे किलोमीटरच्या आसपास आहे, त्यामुळे थांबे धरून दहा-अकरा तास गाडीतच जातात, हे आधी मनाशी पक्के करा. काइंडीचे दृश्य मात्र मी विसरणार नाही. १९११च्या भूकंपात डोंगराचा कडा कोसळून ओढा अडला आणि आधीपासून उभे असलेले स्प्रूस वृक्ष पाण्यात बुडाले. त्यांचे वठलेले बुंधे आजही निळसर हिरव्या पाण्यातून डोलकाठ्यांसारखे वर आलेले दिसतात. पण आपण कोणत्या महिन्यात जात आहात आणि चौघे म्हणजे कोण कोण, हे लिहिलेले नाही. त्यावाचून हो किंवा नाही सांगता येणार नाही.

सहा_आसनी, सकाळी १०:२०
सहलीवाल्यांच्या नादी लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अल्माटीत भाड्याने गाडी मिळते, चारीनपर्यंतचा रस्ता चांगला आहे, आणि आपल्याला हवे तिथे थांबून चहा पिता येतो.

मंजिरी_क, सकाळी १०:२६
मूळ प्रश्नातील शेवटचे वाक्य कृपया वाचावे.

पथ्यकर, सकाळी १०:५०
डोंगरातील सरोवर म्हटल्यावर विरळ हवेचा विचार आधी करावा. आम्ही लेहला गेलो असताना आमच्या गटातील दोघांना पहिल्याच रात्री प्राणवायू लावावा लागला होता. डॉक्टरांना विचारून आधीच गोळ्या सुरू कराव्यात आणि कापराची पुडी जवळ बाळगावी.

गोरखचिंच, सकाळी ११:०२
पथ्यकर, आपली काळजी समजते, पण ही लेहची गोष्ट नव्हे. खालचे कोलसाई सरोवर १८१८ मीटरवर आहे आणि आपले कळसूबाई १६४६ मीटर आहे. काइंडी साधारण दोन हजार मीटरवर येते. इतक्या उंचीवर काही तास थांबण्यासाठी सहसा कोणी गोळ्या घेत नाही, आणि कापराचा तर संबंधच नाही. मंजिरीताई, महिना?

मंजिरी_क, सकाळी ११:३०
ऑक्टोबरचा पहिला आठवडा. मी, यजमान, सासरे (७४) आणि सासूबाई (६९). सासूबाईंच्या उजव्या गुडघ्याचे सांधेरोपण मार्चमध्ये झाले असून त्या घरात आणि सोसायटीच्या आवारात काठीशिवाय चालतात. हे आधी लिहिले नाही, कारण गाडी थेट तळ्यापर्यंत जाते, असे आयोजकाने सांगितले आहे.

तिरपी_सही, सकाळी ११:४८
कोणती गाडी आणि कोणत्या तळ्यापर्यंत, हे त्यांच्याकडून लेखी घ्या. कोलसाईच्या वाहनतळापर्यंत डांबरी रस्ता आहे हे खरे, पण तिथून काठापर्यंत पायऱ्या आणि उतार आहे, आणि उतरलेले पुन्हा चढावे लागते. काइंडीला तुमची बस जातच नाही. सातीत उतरवून तुम्हाला जुन्या रशियन पद्धतीच्या राखाडी गाडीत बसवतात, जिला तिथले लोक बुखान्का, म्हणजे पावाची लादी, म्हणतात. आकार पाहिला की नाव पटते. आमच्या गाडीत आत समोरासमोर बाके होती, पट्टे नव्हते, आणि वर छताला एक लोखंडी दांडा होता. तो धरून मी बसले होते. ओढा ओलांडताना दाराच्या फटीतून पाणी आत आले आणि समोरच्या बाईंनी काही न बोलता आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली, त्यावरून हे रोजचेच असावे असे वाटले. दहा-बारा किलोमीटरच्या त्या कच्च्या रस्त्याने माझ्यासारख्या धडधाकट बाईची कंबर दोन दिवस दुखत होती. पुढेही गाडी थांबते तिथून साधारण दीड किलोमीटर चालायचे किंवा घोडा करायचा, आणि अखेरीस काठाकडे चांगलाच उतार. सांधेरोपणाला सातच महिने होत असतील तर काइंडी नको, असे मी म्हणेन.

सहा_आसनी, दुपारी १२:१५
म्हणूनच मी गाडी भाड्याने घ्या म्हणत होतो. स्वतःची गाडी असली की काइंडी वगळता येते.

तिरपी_सही, दुपारी १२:२०
चार माणसांसाठी चालकासह खासगी गाडी ठरवूनही वगळता येते. त्यासाठी मंजिरीताईंच्या यजमानांनी उजव्या बाजूच्या वाहतुकीत दिवसभर गाडी हाकण्याची गरज नाही.

अधिक_महिना, दुपारी १२:४०
भारतीय पारपत्रावर कझाकस्तानात १४ दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, ही माहिती बऱ्याच जणांना नसते. पारपत्र किमान सहा महिने वैध असावे.

मंजिरी_क, दुपारी १२:४४
आभारी आहे, पण व्हिसाविषयी माझा प्रश्न नव्हता. तीन ठिकाणांपैकी काइंडी सोडले तर उरलेल्यासाठी एवढा प्रवास करावा का, हे कोणी सांगेल का?

गोरखचिंच, दुपारी १:१०
माझे उत्तर हो असे आहे, पण आधी क्रम कळायला हवा. १ मार्च २०२४पासून संपूर्ण कझाकस्तानात एकच वेळ लागू झाली आणि अल्माटीची घड्याळे एक तास मागे गेली, म्हणून त्याआधीची प्रवासवर्णने वाचून वेळेचा अंदाज बांधू नका. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तिथे साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि दरीत त्याच्या बऱ्याच आधी सावली येते. सावलीत ते पाणी काळपट दिसते; ज्या रंगासाठी माणूस एवढा जातो तो रंगच हाती लागत नाही. आपल्या कार्यक्रमात सरोवरे आधी आहेत की चारीन?

मंजिरी_क, दुपारी १:३५
आता पत्रक पुन्हा उघडून पाहिले. चारीन सकाळी, कोलसाई दुपारी दीडला आणि काइंडी साडेचारला आहे. शिवाय एका ओळीत ‘सातीत वाहन बदल’ असे लिहिलेले आहे; चहापाण्यासाठी थांबणार असा अर्थ मी घेतला होता.

तिरपी_सही, दुपारी १:४२
तोच तो वाहन बदल.

पावशेर, दुपारी २:०५
सातीत एक रात्र मुक्काम करावा, हा यावरचा खरा उपाय आहे. गावात घरगुती निवास मिळतात. पहाटे कोलसाईवर धुके तरंगत असते आणि बसने येणारी माणसे अकराच्या आत पोहोचत नाहीत. आम्ही शाकाहारी असूनही पाव, लोणी, अंडी, टोमॅटो-काकडी आणि बाउरसाक, म्हणजे पिठाचे तळलेले गोळे, यांवर आमचे व्यवस्थित भागले.

गोरखचिंच, दुपारी २:१८
मुक्काम उत्तम, पण ६९ वर्षांच्या बाईंना ऑक्टोबरच्या थंडीत रात्री अंगणापलीकडच्या शौचालयात जावे लागणार नाही ना, हे विचारूनच ठरवावे. सगळ्या घरांत आत सोय नसते. आणि सांधेरोपणानंतर उकिडवे बसता येत नाही.

पावशेर, दुपारी २:२५
आमच्या घरात आत सोय होती. सरसकट भीती घालू नये.

गोरखचिंच, दुपारी २:३१
भीती घातलेली नाही, विचारायला सांगितले आहे.

मंजिरी_क, सायंकाळी ५:५०
सर्वांचे आभार. मुक्काम जमणार नाही, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी परतीचे विमान आहे (हेही आधी लिहायला हवे होते). आयोजकाशी बोलले. गटाचा क्रम बदलायला ते तयार नाहीत, परंतु थोडे अधिक पैसे घेऊन आम्हा चौघांना चालकासह वेगळी गाडी देतात. आता आधी थेट कोलसाई, तिथे निवांत जेवण, आणि परतताना चारीन, एवढेच ठेवले आहे. चारीनच्या दरीत न उतरता वरूनच पाहू. मार्गदर्शक रशियन आणि इंग्रजी दोन्ही बोलतो, हे लेखी घेतले आहे.

काइंडीसाठी मी जरा खट्टू होते. दुपारी सासूबाईंनी हा धागा माझ्या फोनवर शेवटपर्यंत वाचला आणि म्हणाल्या, “गुडघा माझा, आणि चर्चा पंचक्रोशीत. घोडा मिळतो असं ती बाई लिहिते, तो कोलसाईला मिळतो का तेवढं विचार.” कोणाला ठाऊक आहे का?

तिरपी_सही, सायंकाळी ६:०४
कोलसाईलाही घोडे उभे असलेले मी पाहिले आहेत. मात्र घोड्यावर चढता-उतरताना गुडघा पूर्ण वाकतो आणि सगळा भार एका पायावर येतो, तेव्हा शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. वरच्या कठड्यापाशी बसायला बाके आहेत आणि तिथून संपूर्ण सरोवर दिसते. त्यांना सांगा, पायऱ्या उतरून गेलेले लोकही फोटो काढायला अखेर तिथेच परत येतात.

अधिक_महिना, सायंकाळी ६:१०
पारपत्र हॉटेलवर न ठेवता सोबत घ्यावे. हा भाग किर्गिझस्तानच्या सीमेजवळ येतो.

मंजिरी_क, सायंकाळी ६:१२
हे मात्र कामाचे सांगितलेत. पैसे भरले.