मदत हवी आहे: टेक्सासमध्ये सप्रेसरसाठी गन ट्रस्ट करायचा आहे, ट्रस्टी कोणाला करावं?

नमस्कार मंडळी,

जरा लांबलचक लिहितोय, पण घरची परिस्थिती सांगितल्याशिवाय प्रश्न नीट कळणार नाही.

मी ह्यूस्टनच्या पश्चिमेला राहतो, २०१९ पासून नागरिक आहे. बायको ग्रीन कार्डावर. मुलगी १६ वर्षांची, मुलगा ११ चा. धाकटा भाऊ डॅलसला एच-१बीवर आहे, ग्रीन कार्डाच्या रांगेत कधीचा उभा आहे. तीन वर्षांपूर्वी एका मित्राबरोबर निम्म्या भागीत कोलोराडो काउंटीत ३० एकर रान घेतलं. पेकनची जुनी झाडं आहेत आणि कडेने ओढा वाहतो. रानडुकरांचा कळप एका रात्रीत तिथली जमीन अशी उकरून ठेवतो की सकाळी वाटावं कोणी नांगर घातलाय. म्हणून रायफल घेतली. ती रीतसर आहे, तिच्याबद्दल काही प्रश्न नाही.

प्रश्न कानाचा आहे. मागच्या हिवाळ्यात घाईत कानावरचं मफ घसरलं आणि तसाच एक बार गेला. तेव्हापासून डाव्या कानात बारीक शिट्टी वाजते, रात्री तर फारच. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही, उरलेलं सांभाळा. रायफलचा आवाज १६० डेसिबलच्या आसपास असतो आणि १४० च्या वरचा एकच धमाका कानाला कायमची इजा करू शकतो. सप्रेसरने, म्हणजे नळीच्या तोंडाला लावायच्या आवाज कमी करणाऱ्या नळकांड्याने, तो साधारण २० ते ३० डेसिबलने उतरतो. सिनेमात दाखवतात तसा ‘फुस्स’ होत नाही, मफ लावावंच लागतं, पण माझ्यासारख्याला तेवढा फरकही मोठा आहे.

सप्रेसर १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टखाली (एनएफए) येतो, म्हणजे एटीएफकडे (शस्त्रांचं केंद्रीय खातं) अर्ज, बोटांचे ठसे, फोटो आणि मंजुरी. २०० डॉलरचा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्य झाला, पण नोंदणी सुटलेली नाही. दुकानदार म्हणाला, ट्रस्टच्या नावावर घ्या, सगळ्या घराला वापरता येईल. त्याने छापील मसुदा काढला, मी सांगितली तशी नावं भरली: मी, बायको, भाऊ आणि अण्णा, म्हणजे माझे वडील. ते साताऱ्याहून ऑक्टोबरमध्ये सहा महिन्यांसाठी येणार आहेत. मी सही करणार इतक्यात नोटरी बाहेर गेलेली होती, म्हणून कागद घरी आणला. तेव्हापासून तो खणात पडून आहे आणि मला झोप नाही. भाऊ आणि अण्णा दोघेही व्हिसावर. त्यांचं नाव अशा कागदावर घालणं बरोबर आहे का? ट्रस्ट करावा की सरळ स्वतःच्या नावावर घ्यावं? ट्रस्ट केला तर ट्रस्टी कोण? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.

प्रतिसाद – पेकनवाला

तो कागद आहे तिथेच राहू द्या. सही करू नका.

आधी तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं. एकट्या माणसाने स्वतःच्या नावावर घेणं सोपं असतं. कागद कमी लागतात आणि मंजुरीही सहसा लवकर येते. पण मग ती वस्तू फक्त त्या माणसाच्या ताब्यात राहायला हवी. तुम्ही तीन आठवडे साताऱ्याला गेलात, सप्रेसर घरच्या सेफमध्ये आणि सेफचा आकडा बायकोला माहीत, तर उद्या प्रश्न निघाला की तो तिच्या ताब्यात होता. तिच्या नावावर नोंद नाही. या कायद्याखालच्या गुन्ह्याला १० वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ट्रस्टमध्ये ती सहट्रस्टी असली की ही अडचण मिटते. माझ्या मते ट्रस्टचं खरं कारण हेच आहे. बाकी दुकानात जे फायदे सांगतात त्यातले निम्मे जुने झालेत.

जुने म्हणजे काय, तर पूर्वी एकट्याच्या अर्जावर शेरीफची किंवा पोलीसप्रमुखाची सही लागायची आणि ट्रस्टला लागत नसे. ठसे-फोटोही ट्रस्टला नव्हते. त्यामुळे लोक त्या पळवाटेसाठी ट्रस्ट करत. १३ जुलै २०१६ पासून ४१एफ नावाचा नियम लागू झाला आणि दोघांनाही एकाच मापाने मोजू लागले. सही कोणालाच लागत नाही, फक्त अर्जाची प्रत त्या अधिकाऱ्याला कळवायची. पण ट्रस्टमधली प्रत्येक ‘जबाबदार व्यक्ती’ स्वतंत्र फॉर्म २३ भरते, फोटो देते, ठसे देते. म्हणजे चार ट्रस्टी घातले तर चौघांची तपासणी. नावं जितकी कमी, तितकं बरं.

प्रतिसाद – तांबडी माती

व्हिसाबद्दल मी सांगते, कारण आमच्या घरात हेच झालं होतं.

१९६८ च्या गन कंट्रोल ॲक्टप्रमाणे नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगता येत नाहीत. एच-१बी, एच-४, विद्यार्थी, पाहुणे, सगळे त्यात आले. आणि लक्षात घ्या, या कायद्याच्या व्याख्येत नुसता सप्रेसर, रायफलला न लावलेलासुद्धा, ‘फायरआर्म’च आहे. म्हणजे अण्णांनी तो हातात घेऊन बघितला तरी प्रश्न आलाच. ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी नाही. तुमच्या बायकोचं नाव बिनधास्त घाला, फॉर्मवर तिचा यूएससीआयएस (इमिग्रेशन खात्याचा) नंबर द्यावा लागेल इतकंच.

भावाचं मात्र गंभीर आहे. शस्त्राच्या गुन्ह्यात दोषी ठरलं तर देशाबाहेर काढण्याचं ते वेगळं कारण होतं, इमिग्रेशन कायद्यातच तसं लिहिलंय. इतकी वर्षं रांगेत उभं राहून एका छापील कागदापायी सगळं घालवू नका. आमच्याकडे माझे दीर ट्रस्टी म्हणून लिहिले गेले होते. अर्ज जायच्या आधी वकिलांनी पकडलं म्हणून वाचलो. त्या रात्री मी देवापुढे दिवा लावला होता, खरं सांगते.

प्रतिसाद – भीमाकाठ

तांबडी माती, बंदीला एक अपवाद आहे. अमेरिकेतल्या कोणत्याही राज्याचं वैध शिकार-लायसन्स असेल तर व्हिसावरच्या माणसालाही बंदूक हाताळता येते. मी स्वतः एच-१बीवर असताना असंच काढलं होतं.

प्रतिसाद – तांबडी माती

बरोबर, आणि धोकाही त्यातच आहे. टेक्सासचं लायसन्स-वर्ष ३१ ऑगस्टला संपतं. १ सप्टेंबरला नवं काढायचं विसरलं की तुम्ही पुन्हा बंदीत, आणि बंदूक घरातच. एखाद्या दिवशी रानात जायचं तर लायसन्स ठीक आहे. वर्षानुवर्षं ट्रस्टी राहण्याचा पाया म्हणून मी ते कधीच वापरणार नाही. शिवाय टेक्सासात २०१९ पासून खासगी जमिनीवर मालकाच्या परवानगीने रानडुकरं मारायला लायसन्स लागत नाही. त्यामुळे आपले लोक समजतात की कोणालाच काही लागत नाही. शिकारीसाठी ते लागत नसेल, पण व्हिसावरच्या माणसाला या अपवादासाठी लागतंच. या दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत.

प्रतिसाद – साधासरळ

माफ करा, पण घरात ११ वर्षांचा मुलगा असताना हे सगळं घरी ठेवायचंच कशाला? मनापासून विचारतोय.

प्रतिसाद – धागाकर्ता

साधासरळ, विचारलंत ते योग्यच आहे. रान तासाभराच्या अंतरावर आहे, तिथे फक्त पत्र्याची शेड. तिथे ठेवलं तर चोरीला जाईल. म्हणून घरी, जमिनीला बोल्टने आवळलेल्या सेफमध्ये ठेवतो, काडतुसं वेगळ्या कुलपात. टेक्सासात १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागेल अशी ठेवणं हा गुन्हा आहे, म्हणजे माझी दोन्ही मुलं त्यात येतात.

तांबडी माती, तुमचा प्रतिसाद वाचून हात थंड पडले. आमच्या सेफचा आकडा अण्णांच्या जन्मसालावर आहे. भावाला माहीत आहे. अण्णांना तर पहिल्याच अंदाजात उघडता येईल.

अण्णांविषयी थोडं सांगतो, म्हणजे मला काय जड जातंय ते कळेल. गावी आमच्याकडे पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची बारा बोअर होती, आधी आजोबांच्या नावावर. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची, पावती देवघरातल्या डब्यात ठेवायची. आजोबा गेले तेव्हा अण्णांनी ती दुसऱ्याच दिवशी जाऊन ठाण्यात दिली, मग वारसाचा अर्ज करून स्वतःच्या नावे परवाना घेतला. कायद्याच्या बाबतीत इतका काटेकोर माणूस. मी रायफल घेतल्यापासून दर रविवारी फोनवर विचारतात, डुकरं किती आली, वारा कुठून होता. त्यांना वाटतंय ऑक्टोबरात आपण दोघं मचाणावर बसणार. आणि आता मी त्यांना सांगायचं की तुम्ही हात लावायचा नाही.

प्रतिसाद – पेकनवाला

तिकडे परवाना माणसाला मिळतो आणि त्यावर बंदूक चढवली जाते. इथे एनएफएमध्ये नोंद त्या एकेका वस्तूची होते, ती कोणाच्या नावावर आहे ते सरकारी रजिस्टरमध्ये राहतं. आपल्या लोकांचा गोंधळ इथेच होतो. ‘घरातली वस्तू, घरातल्या कोणीही वापरली’ असं आपण धरून चालतो.

अण्णांना नाही म्हणावं लागणार नाही. ते पाहुणे म्हणून येतायत, तर टेक्सासचं अनिवासी शिकार-लायसन्स काढा. २ सप्टेंबर १९७१ च्या आधी जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचा कोर्सही करावा लागत नाही. लायसन्स खिशात आणि तुम्ही शेजारी, अशा वेळी त्यांनी बार टाकला तर अपवादात बसतं. पण तुम्ही नसताना सेफ उघडणं नाही, गाडीत एकट्याने ठेवणं नाही. आणि त्यांच्या मुक्कामात लायसन्सची मुदत कधी संपते ते कॅलेंडरवर लिहून ठेवा. माझं ऐकून थांबू नका, वकिलाकडून हे एकदा पक्कं करून घ्या.

आता ट्रस्टचा मसुदा. माझ्या मते तुमच्यासाठी ट्रस्टी दोघंच: तुम्ही आणि वहिनी. मुलं लाभार्थी. नुसता लाभार्थी, ज्याला वस्तूवर कुठलाही अधिकार नाही, तो जबाबदार व्यक्ती धरला जात नाही, त्यामुळे त्यांचे ठसे लागत नाहीत. वयात येईपर्यंत त्यांच्या हाती काही जाणार नाही, असं कलम असू द्या. तुमच्या दोघांनंतर काम बघणारा उत्तराधिकारी ट्रस्टी नेमा. तुमचा रानाचा भागीदार नागरिक असेल आणि विश्वासाचा असेल तर तो चांगला. ट्रस्ट रद्द करता येण्याजोगा ठेवला की भावाचं ग्रीन कार्ड आल्यावर दुरुस्ती करून त्याला घालता येईल. बाकी कलमांपेक्षा एक कलम वकिलाकडून नक्की लिहून घ्या: कायद्याने बंदी असलेल्या कोणाही व्यक्तीच्या हाती ट्रस्टची वस्तू जाणार नाही, आणि एखाद्या ट्रस्टीवर अशी बंदी आली तर त्याच क्षणी त्याचा अधिकार संपेल. छापील मसुद्यात हे बरेचदा नसतं.

नाव लहान ठेवा. प्रत्येक फॉर्मवर ते अक्षर न अक्षर तसंच यावं लागतं. शिवाय उद्या तुम्ही फॉर्म १ वर १६ इंचांपेक्षा आखूड नळीची रायफल स्वतः तयार केलीत, तर ट्रस्टचं नाव, गाव आणि राज्य धातूवर कोरावं लागतं. लांबलचक नाव कोरताना नाकी नऊ येतात.

प्रतिसाद – भीमाकाठ

आणखी एक, नोकरी बदलून दुसऱ्या राज्यात जायची शक्यता आहे का? न्यू जर्सी, न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया, इलिनॉय अशा आठ राज्यांत सामान्य माणसाला सप्रेसर ठेवताच येत नाही. आपली मंडळी नेमकी याच राज्यांत बदलून जातात. तेव्हा टेक्सासात राहणारा सहट्रस्टी असला तर वस्तू त्याच्याकडे राहू शकते. आणि आखूड नळीची रायफल राज्याबाहेर न्यायची तर आधी एटीएफकडे फॉर्म २० लागतो, सप्रेसरला तो लागत नाही.

प्रतिसाद – कृष्णाकाठची लेक

वारसासाठी म्हणून ट्रस्ट करत असाल तर तेवढ्यासाठी गरज नाही. मृत्युपत्र असो वा नसो, कायदेशीर वारसाला फॉर्म ५ वर कर न भरता नाव चढवता येतं. माझ्या नवऱ्याच्या मित्राचं तसंच झालं. पण त्याच्या बायकोला कपाटात नेमकं काय आहे हेच माहीत नव्हतं, कागद शोधण्यात तिचे महिने गेले. मंजूर फॉर्मची एक प्रत वस्तूबरोबर, एक बँकेच्या लॉकरमध्ये, आणि वहिनींना दोन्ही जागा माहीत. एवढं कराच.

प्रतिसाद – धागाकर्ता (पुढची माहिती)

सर्वांचे मनापासून आभार. काय केलं ते सांगतो, पुढे कोणाला उपयोग होईल.

दुकानातला कागद फाडला. सेफचा आकडा त्याच रात्री बदलला, आता तो मला आणि बायकोला सोडून कोणाला माहीत नाही. भावाला फोन करून सगळं समजावलं. तो आधी गप्प झाला, मग म्हणाला, “दादा, बरं झालं विचारलंस.” ह्यूस्टनमधल्या एका वकीलबाईंना भेटलो. ट्रस्टी आम्ही दोघं, उत्तराधिकारी रानाचा भागीदार, लाभार्थी मुलं. त्यांनी मला एकट्यालाच ट्रस्टी आणि एकट्यालाच लाभार्थी करायला नको म्हणून सांगितलं, कारण तसा ट्रस्ट कायद्याने टिकत नाही. नाव ‘सह्याद्री ट्रस्ट’ ठेवलं. अण्णांच्या शिकार-लायसन्सबद्दल त्यांनीही पेकनवाला यांच्यासारखंच सांगितलं, आणि लेखी मत देणार आहेत. ते सेफच्या फाइलमध्ये लावीन.

अण्णांना काल सांगितलं. म्हणाले, “लायसन्स माझ्या नावाचं असेल ना? मग पासपोर्टाबरोबर ठेवीन.” एवढंच, आणि मग वाऱ्याची दिशा विचारली.

आता फक्त एक बारीक प्रश्न उरलाय. शनिवारी दोघांचे ठसे द्यायला जातोय. बायकोची बोटं भांडी आणि बागकामाने इतकी घासली आहेत की ग्रीन कार्डाच्या वेळी दोनदा परत बोलावलं होतं. कागदाच्या कार्डावर शाईने द्यावेत की डिजिटल फाइल करून घ्यावी? कोणाचे ठसे पुसट म्हणून परत आले असतील तर कृपया सांगा, शनिवारच्या आत.