प्रत्येक पानावर ठरावीक अंतराने काळा ठिपका: काट्रिज की फ्यूजर?

प्रश्न
काळ्या-पांढऱ्या लेझर प्रिंटरवर प्रत्येक पानाच्या डाव्या बाजूला काळा ठिपका येतोय, वरून खाली एका रेषेत तीन-चारदा. कोऱ्या भागावर राखाडी झाकही आहे. काट्रिज दोनदा रिफिल झालंय. ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला, फरक नाही.

प्रतिसाद १
ड्रायव्हरचा इथे संबंध नाही. सारख्या अंतरावर डाग पडतोय म्हणजे एखाद्या रोलरवरची खूण दर फेऱ्याला कागदावर उमटतेय. दोन ठिपक्यांमधलं अंतर पट्टीने मोजा. लहान प्रिंटरचा ड्रम (काट्रिजमधला, ज्यावर पानाचं चित्र तयार होतं तो रोलर) बहुधा २४ मिमी व्यासाचा असतो, त्याचा डाग सुमारे ७५ मिमीवर येतो. ३० मिमीचा असेल तर ९४. १२ मिमीच्या पीसीआरचा (ड्रमला विद्युत भार देणारा रोलर) ३८ मिमीवर.

मग छपाई चालू असताना, कागद फ्यूजरमध्ये (उष्णतेने टोनर, म्हणजे शाईची भुकटी, कागदावर पक्का करणारा भाग) शिरण्याआधी, झाकण उघडा. कागदावरच्या कच्च्या टोनरमध्येच ठिपका असेल तर फ्यूजर निर्दोष. फ्यूजर तापलेला असतो, हात सांभाळा.

प्रश्नकर्ता
अंतर ७५ मिमी, कच्च्या टोनरमध्येही ठिपका आहे. ड्रमवर डाव्या कडेपासून ४ सेंमीवर सुईच्या टोकाएवढं काहीतरी चकाकतंय. स्पिरिटने पुसू का?

प्रतिसाद १
अजिबात नको, ड्रमवरचा उरलेला लेपही खराब होईल. चकाकतंय ते लेप उडून उघडं पडलेलं आतलं ॲल्युमिनियम आहे. पीसीआर ड्रमला ऋण भार देतो, लेझर जिथे पडतो तिथला भार उतरतो आणि टोनर तिथेच बसतो. लेप उडालेल्या जागी भार टिकतच नाही, म्हणून लेझर न पडताही तिथे काळं उमटतं. ड्रम बदलणं हाच उपाय. चिकटलेला डिंक किंवा कागदाचा कण असता तर कोरड्या, मऊ, धागे न सुटणाऱ्या कापडाने निघाला असता.

नवा ड्रम बसवताना वायपर ब्लेडच्या (ड्रमवर उरलेला टोनर खरवडणारी पट्टी) कडेला आणि ड्रमवर पॅडिंग पावडरचा (घर्षण कमी करणारी भुकटी) पातळ हात फिरवा. कोरड्या ड्रमवर ब्लेड अडकून उलटतं, मग पहिल्याच पानापासून उभे पट्टे येतात. ड्रम उजेडात ठेवू नका. काम थांबलं तर काळ्या कापडात गुंडाळा.

प्रतिसाद २
राखाडी झाकेबद्दल: काट्रिज उघडणारच आहात तर पीसीआर पाहा. त्यावर टोनरचा थर बसला की भार सगळीकडे सारखा चढत नाही. जेमतेम ओलसर कापडाने पुसून पूर्ण वाळू द्या. वेस्टचा, म्हणजे खरवडलेल्या टोनरचा, कप्पाही रिकामा करा. बरेच जण नुसता टोनर भरतात आणि हा विसरतात. एवढं करूनही झाक राहिली तर टोनरवर संशय घ्या. दुसऱ्या मॉडेलचा टोनर पुरेसा भार घेत नाही, आणि जुन्यात मिसळला तर हॉपर (टोनर भरायचा कप्पा) पूर्ण झाडूनच नवा भरावा लागतो.

सांडलेला टोनर घरातल्या व्हॅक्यूम क्लीनरने ओढू नका, बारीक भुकटी फिल्टरमधून बाहेर उडते. हात आणि कपडे थंड पाण्याने धुवा. गरम पाण्याने टोनर मऊ होऊन कापडाला धरतो.