जर्सी सिटी, व्हॅन वोर्स्ट पार्क: नवा करून विकायला काढलेला गार्डन डुप्लेक्स घ्यावा का?

मृण्मयी_ज:
नमस्कार. व्हॅन वोर्स्ट पार्कजवळ एका जुन्या ब्राउनस्टोनमधला (तपकिरी दगडाच्या दर्शनी भिंतीचं घर) गार्डन डुप्लेक्स पाहून आलोय. दोन दिवस डोक्यातून जात नाही. इमारत एकोणिसाव्या शतकातली, आता तीन युनिटांचा काँडो, म्हणजे प्रत्येक युनिटचा मालक वेगळा. आमचे होतील ते खालचे दोन मजले: रस्त्यापासून तीन पायऱ्या उतरून गार्डन लेव्हल आणि त्यावरचा पार्लर फ्लोअर. मागे बारा बाय वीस फुटांचं परस, तेही फक्त याच युनिटला. आत सगळं नवं केलंय.

आईचं ग्रीन कार्ड झालंय, मार्चमध्ये ती कायमची येतेय. तिचे गुडघे दुखतात. साताऱ्याला तिचं जन्मभराचं परस आहे. तिला चौदाव्या मजल्यावर कोंडायचं अगदी जिवावर येतं. बजेट ९.५ लाख डॉलर, मागणी ९.७९. लेकीची शाळा इथेच असल्याने गाव बदलायचं नाही.

एक गोष्ट खटकली. जिन्याखालच्या कपाटात मूळ विटांची भिंत उघडी ठेवलीय. तिथे जमिनीपासून वीतभर उंचीवर आडवी पांढरी रेघ आहे आणि बोट फिरवलं की पीठ हाताला लागतं. एजंट म्हणाला, जुनी वीट अशीच असते. खरं आहे का?

एडिसनकर:
९.५ मध्ये आमच्याकडे एडिसनला चार बेडरूम, दोन गाड्यांचं गॅरेज आणि हिरवळ मिळते. आम्ही २०१४ ला घेतलं, आज दुपटीच्या जवळ आहे. परसात अळू, दुधी, गवार. गेल्या वर्षी अळू सगळ्या गल्लीला वाटून उरलं. मेट्रोपार्क स्टेशनहून न्यूयॉर्कला थेट गाडी आहे. काँडोत बाग मिळाली तरी ती स्वतःची नसते.

हडसनकाठ:
एडिसनकर, त्यांनी शाळेचं आधीच सांगितलंय.

ताई, मी हॅमिल्टन पार्कच्या बाजूला पाच वर्षं गार्डन लेव्हलला काढली. १ सप्टेंबर २०२१, आयडा वादळाची रात्र. पाणी रस्त्यावरून येईल म्हणून मी दाराशी टॉवेल लावत बसले होते. ते आलं बाथरूममधून. आधी शॉवरच्या जाळीतून गुडगुड आवाज, मग काळं पाणी, वीस मिनिटांत घोट्याच्या वर. इथली जुनी ड्रेनेज लाइन एकत्र आहे, पावसाचं आणि संडासाचं पाणी एकाच पाइपात. धो धो पाऊस आणि भरती एकत्र आली की पाइप भरतो आणि सगळ्यात खालच्या घरात उलटा चढतो. लेकाचे जन्मापासूनचे फोटो पलंगाखालच्या खोक्यात होते. एकही वाचला नाही.

बॅकवॉटर व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारी झडप, आहे का विचारा. नुसतं "हो" चालवून घेऊ नका, झाकण उघडून दाखवायला लावा. संप पंप (खाली साचलेलं पाणी उपसणारा) असेल तर बॅटरी हवी. वादळात वीज आधी जाते. आणि मला विचाराल तर गार्डन लेव्हल घेऊच नका.

चुनागच्ची:
त्या पांढऱ्या पिठाला आपल्याकडे लोणा म्हणतात. विटेतून ओल वर चढते, हवेशी आली की सुकते आणि क्षार मागे राहतो. एजंटचं अर्धं खरं आहे. जुन्या विटेला लोणा येतो, पण ओलीशिवाय येत नाही. आडवी रेघ असेल तर पाणी एकदा तिथवर उभं राहिलं असण्याचीही शक्यता आहे.

या इमारतींच्या सांध्यांत चुना होता, सिमेंट नाही. मऊ विटेत कडक सिमेंट भरलं की ओल सांध्यातून निघत नाही, विटेतून निघते आणि विटेचे पोपडे सुटतात. आमच्या शनिवार पेठेतल्या वाड्याची मागची भिंत अशीच गेली. गवंड्याने हौसेने सिमेंट थापलं आणि चार पावसाळ्यांत विटा हाताने उकरता यायला लागल्या. तुमच्याकडे नव्या शीटरॉकमागे, म्हणजे भिंतीवर लावलेल्या जिप्सम बोर्डामागे, काय आहे, हा खरा प्रश्न. ओल मोजायचं मीटर घेऊन जाणारा इन्स्पेक्टर धरा.

बाकी, डुप्लेक्स म्हणजे दोन कुटुंबांचं घर ना? हा तर दुमजली फ्लॅट झाला.

एडिसनकर:
बरोबर. अमेरिकेत डुप्लेक्स म्हणजे दोन कुटुंबांचं घर.

गणपुले_होबोकेन:
न्यूयॉर्क आणि इकडच्या पट्ट्यात दुमजली अपार्टमेंटलाच डुप्लेक्स म्हणतात. पुण्यातही तोच अर्थ.

९.५ चा हट्ट सोडा. ११ ला याच भागात तिसऱ्या मजल्यावरचं घर मिळेल, पाण्याची भीती नाही. आम्ही थोडं ताणलं आणि आज समाधानी आहोत. दहा लाखांच्या वर मॅन्शन टॅक्स, म्हणजे महाग घराच्या व्यवहारावरचा कर, १ टक्का भरावा लागेल, तेवढा धरा.

नोंदवही:
मॅन्शन टॅक्स १० जुलै २०२५ पासून विकणाऱ्याकडे गेला. आणि गुडघेदुखीच्या बाईंना तिसरा मजला कसा सुचवता?

मृण्मयीताई, कागदांचं बघा. ऐतिहासिक भाग म्हटल्यावर बाहेरून दिसणाऱ्या कामाला परवानगी लागते, आतल्या प्लंबिंगला आणि विजेला वेगळी. आपल्या माहिती अधिकारासारख्या ओप्रा कायद्याखाली शहराकडे अर्ज करून त्या पत्त्यावरची सगळी परमिटं मागवा, साधारण सात कामाच्या दिवसांत उत्तर येतं. काम झालंय आणि शेवटची तपासणी होऊन परमिट बंद झालेलं नाही, असं निघालं तर भाव पाडायला तुमच्या हातात काहीतरी येतं. करारावर सही झाल्यावर अ‍ॅटर्नी रिव्ह्यूचे, म्हणजे वकिलाने करार तपासून बदलायचे वा मोडायचे, तीन कामाचे दिवस असतात, ते फुकट घालवू नका. मार्च २०२४ पासून न्यू जर्सीत विकणाऱ्याला पुराचा इतिहास लिहून द्यावा लागतो. तो फॉर्म आधी मागा. काँडोचा मास्टर डीड, म्हणजे कोणाचं काय ते लिहिलेला मूळ दस्त, वाचा: परस "फक्त तुमच्या वापराचं" आहे की तुमच्या मालकीचं, आणि निचऱ्याचा खर्च कोणावर.

पूर विम्याचंही सांगतो. घराच्या नेहमीच्या विम्यात पूर येत नाही. सरकारी योजनेत खालचा मजला चारही बाजूंनी जमिनीखाली असेल तर तळघर धरतात. मग नवी फरशी, भिंतींचं फिनिशिंग, पलंग, कपाटं यांची भरपाई नाही. मागचं दार परसाच्या पातळीत उघडतं का, ते टेप लावून मोजा. त्या एका पायरीवर बरंच अवलंबून आहे.

मृण्मयी_ज:
खूप आभार. काल टेप घेऊन गेले. मागचं दार परसाच्या पातळीतच आहे, उलट परस एक इंच खाली. बॅकवॉटर व्हॉल्व्हबद्दल एजंट "बघून सांगतो" म्हणाला. मालकाने फॉर्मवर २०१२ च्या सँडी वादळात पाणी आल्याचं लिहिलंय, आयडात नाही. शहराकडे अर्ज केलाय.

परसबाग:
मातीचं कोणीच बोललं नाही. जुन्या शहरी परसात शिशाची भीती असते. १९७८ च्या आधीच्या रंगाचे पोपडे आणि वर्षानुवर्षांचा गाड्यांचा धूर मातीत मुरलेला असतो. रटगर्स विद्यापीठाच्या माती प्रयोगशाळेत नमुना पाठवा. तोवर आईंना जमिनीत पालेभाजी लावू देऊ नका, वाफे उंच करून बाहेरची माती भरा. आणि पूर्वी घर तेलावर तापत असेल तर परसाखाली जुनी टाकी पुरलेली असू शकते. क्लोजिंगआधी, म्हणजे घर नावावर होण्याआधी, टँक स्वीप (पुरलेली टाकी यंत्राने शोधणं) करा. आम्ही केला नाही. दोन वर्षांनी झाड लावताना कुदळ पत्र्यावर आपटली. माती उचलायचा सगळा खर्च आमच्या अंगावर आला.

सुधाकाकू:
अगं, स्वयंपाकघर कुठल्या मजल्यावर आहे? आई खाली झोपणार आणि चहाला वर चढणार का? माझी सून असंच घर घेऊन बसली. मी दिवसातून सहा वेळा जिना चढते. बाग कितीही छान असली तरी पहाटे पाच वाजता पहिला विचार चहाचा असतो.

वाटसरू१२:
पूर विमा नक्की घ्या. साध्या विम्यात पूर धरत नाहीत.

गणपुले_होबोकेन:
मी तर तिसराच मजला म्हणेन. लिफ्टवाली नवी इमारतही चालेल.

हडसनकाठ:
काकूंचा मुद्दा लाखाचा. मी पाण्यातच अडकले होते, हे सुचलंच नाही.

मृण्मयी_ज:
काकू, तुमचं वाचून पोटात गोळा आला. स्वयंपाकघर वरच आहे, जिना तेरा पायऱ्यांचा. रात्री आईला व्हिडिओवर सगळं दाखवलं. लोणा दाखवला, जिना दाखवला, हडसनकाठ यांची शॉवरची गोष्टही वाचून दाखवली. ती सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "एक शेगडी खाली ठेव. चहा माझा मी करीन. पण दार उघडलं की माती दिसू दे."

तुम्ही बहुतेकांनी नको म्हटलंय, तरी आम्ही ऑफर टाकली. ९.२ ची. बॅकवॉटर व्हॉल्व्ह आणि बॅटरीचा पंप मालकाने परमिट काढून बसवायचा, आणि कपाटाशेजारचं शीटरॉक दोन फूट उघडून आमच्या इन्स्पेक्टरला दाखवायचं, या दोन अटी. मालक ९.३५ म्हणाला आणि अटी मान्य. शीटरॉकमागे ओल जास्त निघाली तर आम्ही मागे फिरणार, हे वकिलाने करारात घातलंय. खाली चहापुरता ओटा आणि सिंक घ्यायचं ठरवलंय. त्याला परमिट लागेल, तेही विचारून ठेवलं.

टँक स्वीप गुरुवारी आहे, मातीचा नमुना काल रटगर्सला गेला. एडिसनकर, आई विचारतेय की तुमच्याकडचे अळूचे दोन-चार कंद मिळतील का? मेमध्ये येऊन घेऊन जाऊ.