मदत हवी आहे : पासष्ट-एकाहत्तरच्या लढाईच्या वेळच्या घरातल्या आठवणी रेकॉर्ड करायच्यात

वर्ण्याची_वाट

नमस्कार मंडळी. गाव सातारा तालुक्यातलं, अपशिंगे मिलिटरीपासून फार लांब नाही, त्यामुळे घरटी एक तरी माणूस फौजेत हे आमच्याकडेपण पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. अपशिंग्याचे पहिल्या महायुद्धात ४६ जण गेले, त्यांचं स्मारक आहे, एकाहत्तरवाल्यांचे कराडला विजय दिवसात सत्कार होतात, सगळं चांगलंच आहे. पण तेव्हा विशी-बाविशीच्या ज्या सुना घरात होत्या त्यांना आजवर कुणी काही विचारलंच नाही आणि आता त्या पंच्याहत्तरी ओलांडून बसल्यात. नवऱ्याचं पत्र कोण वाचून दाखवायचं, उत्तर कोण लिहायचं (आणि सासऱ्यासमोर ते सांगायचं म्हणजे त्यात काय सांगता येणार कप्पाळ), मनीऑर्डरीवर अंगठा कुणाचा, रेडिओ कुणाच्या घरात, तारवाला गल्लीत शिरला की कुठल्या दारापुढं थांबतोय हे बघणाऱ्या बायका, हे मला पाहिजे. पलटणीचा इतिहास बेळगावच्या मराठा सेंटरला आहे, तो मी लिहायची गरज नाही.

सुरुवात केलीय पण अडतंय. एक म्हणजे आजीनं तोंड उघडायच्या आत शेजारी बसलेले आजोबा नाहीतर थोरला मुलगाच सुरू होतो, पोस्टिंग कुठं, साहेब कोण, आणि आजी म्हणते "मला काय कळतंय लढाईतलं, ह्यास्नीच इचार." दुसरं, सालांचा घोळ. एक काकी ठाम सांगते की नवऱ्याला गोळी लागल्याचं पत्र आलं तेव्हा धाकटा रांगत होता, आणि धाकट्याच्या दाखल्यावर जन्म ७३ चा. मग हे खोटं धरायचं का?

तिसरं जास्त अवघड आहे. एका आजीनं सांगितलं की सगळ्या मनीऑर्डरी सासऱ्याकडं जायच्या, त्यातनं दिराच्या नावावर विहीर निघाली आणि हिला मात्र वर्षाला एक लुगडं. मुलगा आता म्हणतो हे काढून टाक, भावकीत आग लागेल. आजी म्हणते "ऱ्हाऊ दे, माझ्या माघारी ऐका." मी काय करू?

आणि हो, मोबाईलवरच करतोय, चालेल का? फाइली सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवून ठेवतोय.

कृष्णाकाठ_सांगली

दादा, लढाई हा शब्दच काढू नका, तो काढला की बाई लगेच गड्याकडं बघणार. लग्नापासून सुरुवात करा, लग्नानंतर पहिली रजा किती दिवसांची, ते परत निघाले तेव्हा एसटीपर्यंत कोण गेलं, बरोबर काय करून दिलं. फौजेतली काळी ट्रंक असतेच प्रत्येक घरात, वरती पांढऱ्या रंगात नाव-नंबर, ती उघडायला लावा. त्यात ५६ एपीओच्या (फौजेच्या टपालाच्या) पत्त्याचं एखादं पाकीट निघालं तर अर्धं काम तिथंच झालं. आणि गडीमाणसं शेतावर गेली की दुपारचं जावा, सोबत तुमची आई नाहीतर बहीण न्या. तुम्ही एकटे पुरुष समोर बसलात तर ती आजी फक्त चहा घ्या म्हणेल.

साल विचारू नकाच हो. आपल्याकडं काळ मोजायला खुणा आहेत की. यशवंतराव संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले ते ६२, कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर ६७ चा, पहाटेचा, साताऱ्यात कुणीच विसरलेलं नाही, आणि मग ७२ चा दुष्काळ. "पत्र आलं ते भूकंपाच्या आधी का नंतर? खडी फोडायला जायचा तेव्हा?" असं विचारलं की बाई फटकन सांगते.

पेन्शनर_मास्तर

खोटं धरू नका. इटलीत तेर्नी गावात १९४९ साली नाटोविरोधी मोर्चात एक तरुण पोलाद कामगार पोलिसांच्या गोळीनं मेला, पण नंतर तिथले लोक ठामपणे सांगत की तो ५३ ला कामगारकपात झाली त्या वेळच्या दंगलीत मेला. त्यांना खरं दुखलं होतं ते ५३ ला, म्हणून मरण तिकडं सरकलं. तुमच्या काकीला विचारून बघा, धाकटा रांगत असताना घरात काय चाललं होतं. कदाचित हात निकामी होऊन ते घरी बसले ते तेव्हाच असेल. दोन्ही लिहून ठेवा, दाखल्याचं साल आणि तिचं साल. टेप दुरुस्त करू नका.

विहिरीबद्दल : आवाज आजीचा, तेव्हा परवानगी तिची, मुलाची नाही. ती "माघारी ऐका" म्हणते ना, मग तेच तिच्या तोंडून रेकॉर्ड करा, कधी उघडायचं, कुणी ऐकायचं, आणि तेवढा भाग कापून वेगळ्या बंद फाइलीत ठेवा. मोठमोठ्या संग्रहांतसुद्धा अमुक वर्षं बंद अशी अट घालतात, त्यात लाजायचं काही नाही. पण त्या माउलीला अजून त्याच घरात राहायचंय, जेवायचंय, एवढं ध्यानात ठेवा. गावात ऐकवाल ते ऐकवण्याआधी तिला एकदा ऐकवा.

टेपवाला

व्हॉट्सअ‍ॅप आधी बंद करा भाऊ!! व्हॉइस मेसेज आवाज पार दाबून टाकतो. रेकॉर्डर अ‍ॅपमध्ये डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबणारा फाइलीचा प्रकार) निवडा, मोनो, २४ बिट, तासाला साधारण अर्धा जीबी होतो. कॉलरचा वायरवाला माइक स्वस्तात मिळतो, तो पदराला लावू नका, पदर सारखा घासतो, खांद्याजवळ पिनेनं लावा. पंखा बंद, फोन एअरप्लेन मोडवर. कॉपी तीन ठेवा, त्यातली एक दुसऱ्या गावात, पाहुण्याच्या घरी का होईना.

फाइलीचं नाव "आजी १" असलं ठेवू नका. पहिल्या महायुद्धात जर्मनांनी वुन्सडॉर्फच्या कॅम्पातल्या कैदी हिंदी शिपायांचे आवाज रेकॉर्ड केले, ते अजून बर्लिनला हम्बोल्ट विद्यापीठात आहेत. प्रत्येक रेकॉर्डिंगसोबत माणसाचं नाव, गाव, भाषा भरलेला कागद आहे, म्हणून शंभर वर्षांनी तो आवाज कुणाचा ते कळतं. तुम्हीपण बोलणारीचं नाव, माहेर, सासर, तारीख, समोर कोण कोण बसलं होतं हे प्रत्येक वेळी लिहा.

वर्ण्याची_वाट

आभार सगळ्यांचे. माहेर लिहायचं माझ्या डोक्यातच नव्हतं, आणि आमच्या निम्म्या आज्या तर खटाव-माणच्या आहेत. मास्तर, परवानगीचा मराठीतला साधा नमुना आहे का तुमच्याकडं, वाचून दाखवता येईल असा? कोर्टातल्यासारखा कागद पुढं केला तर आजी अंगठा देणार नाहीत, विहिरीच्या वेळी एकदा दिलाय म्हणतात. आणि उतरवून काढायला माणूस पाहिजे, माणदेशी बोली कळणारा, "व्हतं" चं "होतं" न करणारा. पैसे थोडे देऊ शकतो, जेवण नक्की.