घरी तेलुगू, शाळेत मराठी : वाचनात अडणाऱ्या मुलाला मदत कशी करावी?

प्रश्न : वर्गशिक्षिका, सोलापूर

मी शहराच्या पूर्व भागातील मराठी शाळेत पाचवीला शिकवते. वर्गातील एका मुलाच्या घरी तेलुगू बोलतात; आई घरी विड्या वळते, वडील यंत्रमागावर रात्रपाळी करतात. पंचवीस-पंचवीस विड्यांचे कट्टे मोजून हा मुलगा आईचा हिशेब तोंडी अचूक सांगतो, मात्र पुस्तकातील शाब्दिक उदाहरण वाचायला सांगितले की जोडाक्षरापाशी थांबतो आणि मान खाली घालतो. पाचवीला आता वार्षिक परीक्षा असून अनुत्तीर्ण झाल्यास पुनर्परीक्षा आहे, त्यामुळे वेळ थोडा आहे. त्याला चारचौघांत वेगळे न पाडता काय करता येईल?

उत्तर : निवृत्त मुख्याध्यापक

तो 'आई आलं' असे म्हणतो का, ते पाहा. तेलुगूत एकवचनी स्त्रीलिंगी आणि नपुंसकलिंगी कर्त्याचे क्रियापद सारखेच असते, म्हणून ही चूक निष्काळजीपणाची नसून घरच्या व्याकरणाची आहे, आणि वर्ग तिला हसला की मूल बोलणेच बंद करते. (मीही सुरुवातीची काही वर्षे लाल शाईच वापरली, हे कबूल करतो.) चूक न दाखवता 'हो का, आई आली?' असे सहज म्हणावे. गणिताचे उदाहरण तुम्ही स्वतः वाचून दाखवा. त्याला ते सुटले, तर अडचण गणितात नाही. प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून जादा अध्यापन करणे हे 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार शिक्षकाचे कर्तव्यच आहे. परिपाठापूर्वीची दहा मिनिटे त्यासाठी पुरतात, मात्र ती रोज द्यावी लागतात.

उत्तर : विशेष शिक्षिका

वरील मताशी सहमत आहे, तरी सगळे भाषेवर ढकलू नये. आधी डोळे तपासून घ्या. नंतर तेलुगू जाणणाऱ्या सहकाऱ्याकडून त्याला एखाद्या तेलुगू शब्दातील पहिला ध्वनी गाळून उरलेला शब्द म्हणायला सांगा. घरच्या भाषेतही तो असा सतत अडखळला, तर अध्ययन अक्षमतेची (बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणित शिकताना सतत येणाऱ्या अडचणीची) रीतसर तपासणी करून घ्यावी. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे. तपासणीपूर्वी पालकांसमोर 'अक्षमता' हा शब्द उच्चारू नका.

प्रश्नकर्ती

आज तीन उदाहरणे वाचून दाखवली. दोन त्याने तोंडीच सोडवली, तिसऱ्यात हातचा विसरला. आई विड्या देऊन कारखान्यातून परतते, त्या वेळी तेलुगू बोलणाऱ्या बाईंना सोबत घेऊन शनिवारी तिला भेटणार आहे.